फोरकास्ट आणि कॉल-ऑफ: एकाच तक्त्यातले दोन वेगळे आकडे

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, जाऊन "शेड्यूल आलं का?" असं विचारा. "आलं" म्हणून उत्तर मिळेल. पण नेमकं काय आलं, हे त्यावरून कळणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून पुरवठादाराला दोन जातीचे आकडे येत असतात: पुढच्या काही महिन्यांत साधारण किती माल लागेल, आणि उद्या-परवा कुठल्या गेटवर किती माल उतरवायचा. पार्ट नंबर, तारीख, नग हे रकाने दोन्हींत तेच. त्यामुळे दोन्ही आकडे एकाच एक्सेलमध्ये शेजारी शेजारी जाऊन बसतात आणि घोळाला तिथेच सुरुवात होते.

पहिला आकडा म्हणजे फोरकास्ट. तो खरेदी आणि उत्पादनासाठी असतो. पत्र्याची कॉइल आज मागितली की उद्या येत नाही, तिची ऑर्डर कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. तिसरी पाळी चालवायची असेल तर माणसंही आधीच बघावी लागतात. हे सगळं फोरकास्टवर ठरतं.

पण अख्ख्या फोरकास्टचं वजन सारखं नसतं, आणि माझ्या मते गोंधळाचं खरं मूळ इथे आहे. नीट आखलेल्या पद्धतीत जवळचे काही आठवडे पक्के असतात, तो माल कंपनी घेणारच. त्यापुढच्या काळासाठी माल बनवून ठेवायची परवानगी असते; मागणी फिरली तर तयार मालाचा भार कंपनीवर. त्याच्याही पुढे फक्त कच्चा माल घ्यायची मुभा, आणि सगळ्यात शेवटी नुसता अंदाज, ज्याची जबाबदारी कुणाचीच नाही. या रेषा किती आठवड्यांवर पडतात ते करारात ठरतं. आपल्याकडे चालू महिना पक्का आणि पुढचे दोन 'टेंटेटिव' असं सर्रास चालतं, पण टेंटेटिव आकड्यावर घेतलेली कॉइल पडून राहिली तर तिचे पैसे कोण देणार, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसरा आकडा कॉल-ऑफ. तो डिस्पॅचसाठी: तारीख, कधी कधी तासही, उतरवण्याची जागा, कानबानचा (माल मागवणाऱ्या कार्डाचा) नंबर. त्याची नजर काही दिवसांपलीकडे जात नाही. कंपन्यांच्या संगणकांनी एकमेकांना थेट संदेश पाठवायची (ईडीआय) ठरलेली मानकं आहेत. त्यातल्या अमेरिकन एक्स १२ मानकात फोरकास्टचा संदेश ८३० आणि कॉल-ऑफचा ८६२. ८६२ आला की जवळच्या दिवसांपुरत्या ८३० मधल्या पाठवणीच्या तारखा मागे पडतात. पण ८६२ च्या आधारावर मजूर किंवा कच्चा माल लावायचा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय मानकात हीच जोडी डेलफॉर आणि डेलजिट, तर जर्मन गाड्यांच्या जगात वर्षानुवर्षं तिथल्या वाहन उद्योग संघटनेचे व्हीडीए ४९०५ आणि ४९१५. एवढी वेगवेगळी मानकं, पण कॉल-ऑफसाठी वेगळा संदेश सगळ्यांनीच ठेवला आहे.

आता दोघांना जोडणारा धागा, म्हणजे संचयी आकडा. कामावरची माणसं त्याला 'क्युम' म्हणतात. समजा, एका ब्रॅकेटचे या आठवड्यात ८०० नग हवेत असं शेड्यूल आलं. बुधवारी ४०० नगांचा ट्रक चोर्ला घाटातून निघाला. गुरुवारी सुधारित शेड्यूल आलं, त्यातही ८००. घाटातले ४०० यात धरले आहेत का? फोन करा, मेल करा, नाहीतर अंदाजाने पाठवा. क्युमच्या भाषेत हा प्रश्न उरतच नाही. वर्षाच्या सुरुवातीपासून कंपनीला मिळाले १२,०००, शुक्रवारपर्यंत एकूण हवेत १२,८००, तुम्ही एकूण पाठवलेत १२,४००. उरले ४००. शेड्यूल दहा वेळा सुधारलं तरी वजाबाकी तीच. अट एवढीच की क्युम कोणत्या दिवशी शून्यावर आणायचा आणि रिजेक्ट झालेले नग त्यातून कसे वळते करायचे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत हवं. नाहीतर फरक महिनोन् महिने तसाच पुढे सरकत राहतो.

ट्रक सुटल्यावर त्यात काय माल आहे याची जी आगाऊ सूचना कंपनीला जाते, ती एएसएन. डेलफॉरमध्ये कंपनी शेवटची पोचलेली एएसएन कुठली तेही कळवते, त्यामुळे वाटेतला माल लगेच ओळखता येतो. ई-वे बिल काढलं की एएसएन गेली असं समजणारे पुष्कळ भेटतात. ते करखात्यासाठी आहे, गाडी बनवणाऱ्याच्या लाइनला त्याचा काही उपयोग नाही.

मग ईडीआय आणून काय होतं? पोर्टलवरून फाइल उतरवून हाताने टायपायचं काम वाचतं, चुका कमी होतात. पण दोन्ही संदेश ईआरपीतल्या (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) एकाच तक्त्यात ओतले तर तोच घोळ अधिक वेगाने होतो, इतकंच. एसएपी या ईआरपीच्या शेड्यूलिंग अॅग्रीमेंटमध्ये फोरकास्ट आणि जेआयटी (म्हणजे कॉल-ऑफ) यांचे दोन वेगळे टॅब असतात, ते यासाठीच. जेआयटीचा टॅब रिकामा ठेवून सगळं फोरकास्टमध्ये भरणं ही पळवाट आहे, आणि ती लोकप्रिय आहे.

२०२१ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या कॅटेना-एक्समध्ये, म्हणजे वाहन उद्योगातल्या कंपन्यांच्या माहिती देवाणघेवाणीच्या जाळ्यात, फोरकास्टच्या बाजूला आणखी एक पाऊल पडलं. ग्राहक आठवड्यावार मागणी कळवतो आणि पुरवठादार आठवड्यावार क्षमता उलट पाठवतो. गोव्यातल्या कारखान्यांना हे विशेष सोयीचं आहे, असं मला वाटतं. १९८० साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवापासून इथे बसच्या बॉडी आणि पत्र्याचे भाग बनत आले आहेत, पण ग्राहकाची लाइन पुष्कळदा घाटापलीकडे. चतुर्थीला इथली माणसं घरी जाणार, प्रेस थंड पडणार. पुण्याची किंवा धारवाडची लाइन त्यासाठी तेवढेच दिवस थांबेल असं नाही. हा खड्डा कॉल-ऑफमध्ये दिसला तर फार उशीर झालेला असतो. तो जूनच्या फोरकास्टला उत्तर देतानाच क्षमतेच्या रकान्यात भरायचा, म्हणजे आधीच्या आठवड्यांत जादा माल बनवून ठेवायची परवानगी मागता येते. पावसात घाट बंद पडला तर पलीकडे किती दिवसांचा साठा हवा, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावं.