पक्षी घरघरतायत? आधी मक्याची गोणी बघा

पावसाळा सरता सरता आमच्या कोंबडीपालनाच्या दुकानात एकच तक्रार येते : लस वेळेवर दिली, औषधही चालू आहे, तरी पक्षी घरघरतात आणि मरतूक थांबत नाही. औषध बदलण्याआधी मक्याच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघा. आतला मका कोमट-ओलसर लागला, दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळी पूड दिसली, तर संशय घ्यायला जागा आहे.

ही पूड म्हणजे बुरशी, आणि तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतल्या याच विषाने. आपल्याकडे इतका दणका सहसा बसत नाही. थोडं थोडं विष रोज पोटात जातं, लिव्हर पिवळं आणि ठिसूळ होतं, प्रतिकारशक्ती ढासळते. मग लस देऊनही नीट लागू होत नाही, आणि सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार), ई. कोलाय (जिवाणूचा संसर्ग), राणीखेत (विषाणूचा रोग) यांना दार उघडं मिळतं. मका वाळवला-चाळला तरी आधी तयार झालेलं विष राहतंच. पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेनेही ते जात नाही.

लहान पिल्लांचं दुखणं वेगळं. ओल्या तुसात किंवा भुशात वाढलेल्या बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर थेट फुप्फुसात जातात. पिल्लं चोच उघडून, मान ताणून धापा टाकतात, पण सीआरडीसारखा घरघर आवाज सहसा येत नाही. मेलेलं पिल्लू उघडलं तर फुप्फुसावर आणि हवेच्या पिशव्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या पांढरट-पिवळ्या गाठी दिसतात. इथे अँटिबायोटिकवर पैसे घालवू नका. ओलं लिटर, म्हणजे खाली अंथरलेला तूस-भुसा, बाहेर काढा. काढताना तोंडाला मास्क हवाच, हे बीजाणू माणसालाही बाधतात.

टॉक्सिन बाइंडर (खाद्यात मिसळायचं, विष धरून ठेवणारं द्रव्य) आम्हीच विकतो, तरी सांगतो : मातीजन्य बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगलं धरतो, टी-2 सारख्या दुसऱ्या बुरशीच्या विषावर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि लिटरमधल्या बुरशीवर तर काहीच नाही. खरा खर्च वाचतो तो खरेदीच्या वेळी. 13 टक्क्यांपेक्षा जास्त ओलीचा मका साठवू नका. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. फीडरच्या (खाद्याच्या भांड्याच्या) तळाशी चिकटलेला थर खरवडून काढा. तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

तपासणीसाठी नमुना आणताना एकाच गोणीतून मूठभर आणू नका. विष सगळीकडे सारखं नसतं. आठ-दहा गोण्यांतून वरचा, मधला, तळाचा मका घेऊन एकत्र मिसळा आणि त्यातला किलोभर कागदी पिशवीत आणा. प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी वाटेतच वाढते.