स्पीडवेच्या बाईकला ब्रेक नसतात, मग ती थांबते कशी?

"पोलंडमधल्या स्पीडवे रेसच्या बाईकला ब्रेकच नसतो, म्हणून ती थांबवता येत नाही, रायडर नुसता नशिबावर चालतो," असा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (स्पीडवे म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरची बाईक रेस, एका वेळी चार रायडर, वळणं सगळी डावीकडे.) ब्रेक नसतो हे अगदी खरं, पुढचं मात्र चुकीचं.

५०० सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, गिअर एकच. थ्रॉटल सोडला की इंजिनच बाईकला मागे खेचतं, आणि वळणावर मागचं चाक मोकळ्या मातीत आडवं घसरतं त्यातही वेग मरतो. डाव्या बुटाखाली स्टीलची पट्टी असते, तो पाय जमिनीवर टेकवून तोल सांभाळतात. चौघे इतके चिकटून पळतात की पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा सरळ त्याच्यावर आदळेल, म्हणजे ब्रेक नसणं इथे उलट सेफ. रायडर पडलाच तर मनगटाला बांधलेली दोरी बाईकपासून सुटते आणि इंजिन बंद.

आणि नशिबाचं म्हणाल तर पोलंडमधल्या तोरुन किंवा लेश्नो शहरांतल्या पोरांनाही लायसन्सची परीक्षा पास झाल्याशिवाय रेसला उतरता येत नाही.

स्वतः बघायचंय? कुठलाही स्लो मोशन व्हिडिओ लावा, हँडलकडे नीट बघा, डावीकडे फक्त क्लच दिसेल, आणि डावीकडे वळताना पुढचं चाक चक्क उजवीकडे वळलेलं असेल.