होजजोडणी, सायकलच्या द्रवचालित ब्रेकची

सायकलच्या द्रवचालित (हायड्रॉलिक) डिस्क ब्रेकमध्ये तेलाची नळी एका टोकाला हँडलवरच्या लिव्हरशी आणि दुसऱ्या टोकाला चाकाजवळच्या कॅलिपरशी (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागाशी) ज्या सुट्या भागांनी जोडतात, त्यांना मिळून होजजोडणी म्हणतात. दुकानात चालणारा शब्द 'होज फिटिंग'. लिव्हरच्या टोकाला नट, ऑलिव्ह आणि इन्सर्ट ही तिकडी असते. कॅलिपरच्या टोकाला तीच तिकडी किंवा बँजो, म्हणजे पोकळ बोल्टने बसणारी गोल डोळ्याची जोडणी. बंद द्रवातला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम येथे गृहीत धरला आहे.

संज्ञा : ब्रेकसाठी मराठी परिभाषेत 'गतिरोधक' हा शब्द आहे, पण आज तो ऐकला की रस्त्यावरचा उंचवटा डोळ्यांसमोर येतो, म्हणून या नोंदीत 'ब्रेक'च वापरला आहे. 'ऑलिव्ह' म्हणजे दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले, बहुधा पितळेचे बारीक कडे. त्या फळाच्या आकारावरून हे नाव पडले. 'बँजो' या नावाने मात्र मराठी माणसाची दिशाभूल होते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो हा बुलबुलतरंगाच्या जातीचा, बटणांचा. या जोडणीला नाव मिळाले ते गोल तोंडाच्या, लांब मानेच्या अमेरिकन वाद्यावरून : गोल डोळा आणि त्यातून बाजूला निघालेली नळी.

उगम : द्रवचालित ब्रेक मोटारीकडून सायकलकडे आला, याबद्दल मतभेद नाही. माल्कम लॉकहीड यांचे पेटंट 1917 चे आणि ड्यूसेनबर्गची चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेली मोटार 1921 ची धरतात. सायकलवरचा पहिला मान कोणाचा, यावर मात्र एकमत नाही. जर्मनीच्या मागुरा कंपनीचा 1987 चा रिमवर चालणारा द्रवचालित ब्रेक मोठ्या प्रमाणात विकला गेलेला पहिला, असे म्हणणे सुरक्षित आहे. डिस्कच्या बाबतीत 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील 'माउंटन सायकल' आणि इंग्लंडमधील 'होप' या कंपन्यांची कामे जवळपास एकाच सुमारास पुढे आलेली दिसतात, त्यामुळे दोघांपैकी एकालाच जनक म्हणणे घाईचे ठरेल. रस्त्यावरच्या वाकड्या हँडलच्या सायकलींना जपानच्या शिमानो कंपनीने 2013 मध्ये असा ब्रेक दिला.

ऑलिव्ह कोठून आले? एक मत असे की ते मोटारीच्या ब्रेकनळीतून सायकलीत उतरले. पण मोटारीत धातूच्या नळीचे टोक फुलवून (फ्लेअर करून) बसवण्याची पद्धत अधिक रुळलेली आहे; दाबून बसवायचे कडे पाणी, वाफ आणि गॅस यांच्या नळकामात सर्रास असते. त्यामुळे ते नळकामातून आले, हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. नळकामात कड्याच्या आत तांब्याची कडक नळी असते, सायकलीत मऊ. या एका फरकापोटीच 'इन्सर्ट' नावाचा वेगळा भाग लागतो, हे त्या मताला पूरक आहे.

रचना आणि दाब : नळी बाहेरून साधारण 5 मि.मी. जाडीची असते. आत तेलाला दाद न देणाऱ्या प्लास्टिकची बारीक नलिका, तिच्यावर अ‍ॅरामिड धाग्याची वीण (काही नळ्यांत पोलादी तारेची) आणि वर संरक्षक साल. वीण नळीला फुगू देत नाही. इन्सर्ट ही कंगोरे असलेली छोटी पोकळ खुंटी. ती नळीच्या तोंडात ठोकून बसवतात. नट आवळला की ऑलिव्ह नळीला बाहेरून करकचून धरते, आणि आत इन्सर्ट असल्यामुळे नळी चेपत नाही.

दाब किती असतो याचा हिशेब करून पाहावा. बोटांचा जोर 80 न्यूटन आणि लिव्हरचे गुणोत्तर 5 धरले, तर दट्ट्यावर 400 न्यूटन येतात. दट्ट्या 10 मि.मी. व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौ. मि.मी., म्हणजे दाब सुमारे 5 मेगापास्कल. हवेच्या दाबाच्या पन्नासपट. गळती नेमकी कोण अडवते, इन्सर्ट की ऑलिव्ह, हा कारागिरांमधला जुना वाद येथे महत्त्वाचा ठरतो. तेल इन्सर्टपाशीच थांबत असेल, तर दाब फक्त 2 मि.मी.च्या छिद्राएवढ्या जागेवर पडेल आणि नळीला बाहेर ढकलणारे बल जेमतेम 16 न्यूटन होईल. ते ऑलिव्हपर्यंत पोहोचून तेथे अडत असेल, तर नळीचा सगळा 5 मि.मी.चा छेद दाबाखाली येईल आणि बल 100 न्यूटनच्या आसपास जाईल, म्हणजे दहा किलो वजन टांगल्यासारखे. इन्सर्टचे कंगोरे मुख्यतः पकडीसाठी असतात आणि खरा बांध ऑलिव्हचाच, असे मानून काम करणे श्रेयस्कर. मग ऑलिव्ह दुसऱ्यांदा वापरण्याचा मोह राहत नाही.

निवड : पहिला प्रश्न नळीच्या आतल्या व्यासाचा. बाहेरून सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात आणि चूक येथेच होते. शिमानोच्याच दोन नळ्या घ्या : बीएच 59 चा इन्सर्ट सोनेरी आणि 13.2 मि.मी. लांबीचा, बीएच 90 चा रुपेरी आणि 11.2 मि.मी.चा. दोन मिलिमीटरांचा हा फरक तळहातावर दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. एकाचा इन्सर्ट दुसऱ्या नळीत घातला, तर तो सैल राहतो किंवा आतली नलिका फाडतो. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीच्या काही जोडण्यांत इन्सर्ट ठोकत नाहीत. त्याला आटे असतात आणि तो बारीक टॉर्क्स पान्याने नळीत पिळून बसवतात. जॅगवायरसारखे उत्पादक आपल्या नळीसोबत ब्रेकच्या मॉडेलनुसार जोडसंच विकतात. तेथे संचाचा क्रमांक पाहावा, नळीचा रंग पाहू नये.

दुसरा प्रश्न तेलाचा. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो खनिज तेल वापरतात. होप आणि स्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक डॉट द्रव (मोटारींतही वापरतात ते ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल). स्रॅमने अलीकडे काही ब्रेक खनिज तेलावर आणले आहेत, म्हणून कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नये. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेले वाचावे. एका तेलासाठी बनवलेले रबर दुसऱ्यात फुगते आणि मऊ पडते. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि सायकलचा रंगही खातो.

तिसरा प्रश्न कॅलिपरकडच्या टोकाचा. बँजो हव्या त्या कोनात फिरवता येतो, त्यामुळे अडचणीच्या फ्रेममध्ये तो सोयीचा. सरळ जोडणी हलकी आणि साधी.

बसवणी : नळी धारदार कटरने काटकोनात कापावी. पक्कडीने कापलेले टोक भिंगाखाली पाहिले तर तोंड लंबगोल झालेले आणि विणीचे धागे दाढीच्या खुंटांसारखे बाहेर आलेले दिसतात. असे टोक कधीच नीट बसत नाही. मग नळीवर आधी रबरी टोपी, मग नट, मग ऑलिव्ह चढवावे. हा क्रम चुकला की इन्सर्ट ठोकून झाल्यावर नट टेबलावर राहिलेला सापडतो आणि नळी पुन्हा कापावी लागते. खाचेच्या ठोकळ्यांत नळी धरून इन्सर्ट कडेपर्यंत आत जाईल असा ठोकावा. नळी लिव्हरमध्ये शेवटपर्यंत ढकलून तशीच दाबून धरावी आणि नट आधी हाताने, मग आठच्या पान्याने आवळावा. शिमानोची मर्यादा 5 ते 7 न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना नसेल तर लांब दांड्याचा पाना टाळावा. लिव्हर अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिचे आटे गेले की लिव्हरच बदलावी लागते.

लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वापरलेले ऑलिव्ह काढताना नळीचे टोक कापावे लागते, म्हणून दर जोडणीला नळी थोडी आखूड होते. पुढच्या वेळेपुरती शिल्लक आधीच ठेवावी. नळीतल्या तेलात शिरलेली हवा काढून झाल्यावर लिव्हर जोरात दाबून धरावी आणि नटाभोवती टिपकागद गुंडाळावा. कागद कोरडा राहिला तर जोडणी लागली.

नाशिक परिसर : गिअरच्या सायकलींचा येथे वावर मोठा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. पहाटे त्र्यंबक रस्ता, गंगापूर धरण, सप्तशृंगीचा घाट येथे डिस्क ब्रेकच्या सायकली नेहमी दिसतात. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना सुमारे 300 मीटरची उंची थोड्याच अंतरात संपते. अशा उतारावर बोटे लिव्हरवरून उठतच नाहीत.

भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवण्याची रीत आहे, तर युरोप-अमेरिकेत तो बहुधा डावीकडे असतो. त्यामुळे तिकडून आणलेल्या सायकलींच्या नळ्या अदलाबदल कराव्या लागतात, आणि नवी सायकल असूनही पहिल्याच आठवड्यात जोडणी उघडते. फ्रेमच्या आतून नळी नेलेली असेल तरी हेच.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमुळे शहरात फिटर आणि हायड्रॉलिकचे सामान यांना तोटा नाही. डिझेल इंजिनाच्या नोझलमधल्या सूक्ष्म मापांवर हात बसलेला कारागीर सायकलची जोडणी सुंदर करतो, हे प्रस्तुत नोंदकाराने पाहिले आहे. त्याच हाताने एकदा हार्डवेअरच्या दुकानातले, तांब्याच्या नळीचे ऑलिव्ह नोंदकाराच्याच सायकलला बसले होते. ते बसले चांगले, पण त्र्यंबकच्या पहिल्याच पावसाळी फेरीनंतर नटाच्या तळाशी मोहरीएवढा तेलाचा थेंब जमलेला दिसला. लाल चिखल वाळून पुसेपर्यंत तो दिसलाही नव्हता. म्हणून पावसाळ्यात फेरीनंतर सायकल धुताना दोन्ही टोके आधी कोरड्या फडक्याने पुसावीत आणि मगच पाणी मारावे. उलट क्रमाने केल्यास तेलाची ओल आणि पाण्याची ओल वेगळी ओळखू येत नाही.

निफाडकडच्या कडक थंडीत खनिज तेल थोडे दाट होते आणि लिव्हर जड वाटते. तो जोडणीचा दोष नव्हे.