शाहीर

शाहीर : स्वतः रचलेले गाणे लोकांपुढे उभे राहून गाणारा लोकप्रिय कवी. मूळ अरबी शब्द ‘शाइर’, म्हणजे कवी. मराठीत येताना त्याचा उच्चार बदलला, तसा अर्थही. उर्दूतला शायर शेर ऐकवतो. मराठीतला शाहीर डफावर थाप मारतो, एक हात कानाशी नेऊन सूर चढवतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी र जी’ म्हणत त्याची ओळ झेलतात. साथीला तुणतुणे आणि झांज. पोवाडा आणि लावणी हे त्याचे मुख्य रचनाप्रकार. शेवटच्या कडव्यात तो आपले नाव गुंफतो, ती त्याची नाममुद्रा. गाणे तोंडोतोंडी फिरत असताना कर्त्याची ओळख टिकायला तेवढाच आधार असे. अफजलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आपल्याला माहीत आहे तो या पोवाड्यामुळेच. असे पोवाडे ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी जमवून 1891 मध्ये छापले.

‘गीतकार’ हा शब्द पुष्कळ नंतरचा. गीतकार लिहितो, चाल दुसरा लावतो, गातो तिसराच. शाहिराच्या बाबतीत ही तिन्ही कामे बहुधा एकाच गळ्यात असतात. म्हणून सिनेमासाठी लिहिणाऱ्याला कोणी सहसा शाहीर म्हणत नाही.

या शब्दाची हद्द कुठवर जाते, हे नाशिक जिल्ह्यात नीट पाहता येते. सिन्नर तालुक्यातल्या बावी गावचा परशराम हा पेशवाईच्या उत्तरकाळातला शिंपी. त्याच्या लावण्या गाजल्या आणि त्याला सगळे शाहीरच म्हणत आले. नाशिक शहरातले गोविंद त्र्यंबक दरेकर (1874–1926), म्हणजे आबा दरेकर, यांनीही आधी लावण्या रचल्या. पायांनी अधू असलेला हा माणूस सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेत आला आणि त्याच्या लेखणीतून स्वातंत्र्याची गाणी उतरू लागली. ती गाणी मेळ्यातली पोरे गात. ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना 1909 मध्ये जन्मठेप झाली. गाण्याची एवढी धास्ती सरकारने घेतली. तरीही लोकांनी दरेकरांना म्हटले ते ‘स्वातंत्र्यकवी’ गोविंद.

त्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामन तबाजी कर्डक (1922–2004). शाळा नशिबी नव्हती. मुंबईत मजुरी करताना ते मोठेपणी अक्षरे शिकले. डॉ. आंबेडकरांचा विचार त्यांनी गावोगावी, वस्त्यावस्त्यांत गाऊन पोचवला. स्वतः रचायचे, स्वतः गायचे, समोर माणसे हवीत : शाहिराची सारी लक्षणे त्यांच्यात आहेत. लोक मात्र त्यांना लोककवी म्हणतात, कोणी महाकवी, आणि बहुतेक जण नुसते वामनदादा. माझ्या मते ही शब्दांची गफलत नाही. ‘शाहीर’ म्हटले की दरबार, फेटा आणि पोवाडा डोळ्यांपुढे येतो. ज्यांच्यासाठी वामनदादा गायले, त्यांना त्यांच्या गाण्यासाठी वेगळा मान हवा होता. पदवी इथे कोणत्या संस्थेने दिलेली नाही, ऐकणाऱ्यांनी दिली आहे. 14 एप्रिलला वस्तीतल्या मंडपात त्यांचे गाणे सुरू झाले की शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते, अगदी जुन्या शाहिरांच्या नाममुद्रेसारखे.