निरपेक्ष सेवा (ख्रिस्ती मंडळी)

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, केलेल्या सेवेच्या बदल्यात मान, पद किंवा निर्णयाचा अधिकार यांवर हक्क न सांगण्याची वृत्ती आणि तिला धरून आलेले आचार. झाडलोट, गायन, संडे स्कूल, अर्पणाचा हिशेब, आजाऱ्यांची भेट, उपदेश अशी सगळी कामे तिच्या कक्षेत येतात. काम हलके की मोठे यावर ही वृत्ती ठरत नाही; झाडू मारणाराही हक्क गाजवू शकतो.

नव्या करारात हा विषय शिष्यांच्याच हव्यासातून निघतो. जब्दीचे मुलगे याकोब व योहान येशूच्या उजवीडावीकडच्या जागा मागतात, उरलेले दहा जण त्यांच्यावर चिडतात. तेव्हा येशू सांगतो, की मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) सेवा करून घ्यायला आला नाही, सेवा करायला आला आहे (मार्क १०). शेवटच्या भोजनाच्या वेळी तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही (योहान १३). लूक १७ मधला दृष्टान्त याहून कठोर आहे. शेतातून आलेला दास धन्याला जेवू घालतो, आणि त्याबद्दल त्याचे कोणी आभार मानत नाही. आजच्या वाचकाला हे खटकते, आणि खटकायलाच हवे. ‘मी एवढे केले, आता माझे ऐका’ हा हिशेब वरकरणी न्याय्य वाटतो; दृष्टान्ताचा रोख नेमका त्यावर आहे.

हक्काची भावना कामचुकारांपेक्षा राबणाऱ्यांत जास्त रुजते. वर्षानुवर्षे गायनाची धुरा वाहिलेल्याला नवा आवाज पुढे आलेला सोसत नाही. किल्ल्या सांभाळणाऱ्याला इमारत आपलीच वाटू लागते. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेसाचा उल्लेख येतो तो अग्रस्थानाची हाव धरणारा म्हणून. पैशातूनही हाच हक्क येतो. श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, अशी वागणूक याकोबाच्या पत्राने निषिद्ध ठरवली. तरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अनेक चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात.

या वृत्तीला रोजच्या व्यवहारात सर्वांत बारकाईने बसवले ते सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या मठ-नियमावलीने. स्वयंपाकघरातील सेवा आठवड्याच्या पाळीने सर्व बंधूंकडे येई. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याखेरीज सूट नसे. पाळी संपवणारा शनिवारी साफसफाई करी, बंधूंचे हातपाय पुसण्याचे पंचे धुई, आणि पाळी सुरू करणाऱ्याला बरोबर घेऊन सर्वांचे पाय धुई. भांडी स्वच्छ व धड स्थितीत कोठारप्रमुखाच्या हवाली करावी लागत. कुशल कारागिराला आपल्यामुळे मठाचा फायदा होतो असा गर्व चढला, तर त्याचे ते कामच काढून घेतले जाई आणि तो नम्र झाल्यावर मठाधिपतीच्या परवानगीनेच परत मिळे. मठाचे नुकसान झाले तरी चालेल, पण माणूस आपल्या हुनरापायी बिघडू नये, हा विचार आजच्या कोणत्याही मंडळीला धाडसीच वाटेल.

पाय धुण्याचा विधी अनेक परंपरांत टिकून आहे. रोमन कॅथलिक चर्चमध्ये तो पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, होतो. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यात स्त्रियांचाही समावेश करण्यास मुभा दिली. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वी सभासद एकमेकांचे पाय धुतात. यात आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणेही आलेच, आणि पुष्कळांना तेच अधिक जड जाते.

नम्रतेच्या नावाखाली सेवकांना पिळून घेणे हा या शिकवणीचा विपर्यास आहे. बेनेडिक्ट यांच्या नियमातच वाढणाऱ्यांना जेवणाआधी नेहमीच्या वाट्याखेरीज थोडी भाकरी व पेय देण्याची तरतूद आहे, ती त्यांना कुरकुर न करता सेवा करता यावी म्हणून. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने सुवार्तेची सेवा करणाऱ्याला उपजीविकेचा हक्क आहे असे सविस्तर मांडले, मग तो हक्क करिंथ या ग्रीक शहरात स्वतः वापरला नाही (१ करिंथ ९). तिथे तो तंबू करण्याच्या धंद्यावर राबत होता. हा त्याग त्याचा स्वतःचा होता, इतरांवर त्याने तो लादला नाही. फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने स्वीकारली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी त्याने किंख्रिया येथील सेविका फिबी हिचे आदराने स्वागत करा आणि तिला लागेल ते साहाय्य द्या असे सांगितले, आणि प्रभूच्या कामी श्रम घेतलेल्या अनेकांना नावानिशी सलाम पाठवला.