सेशनला बसायचं कुठे?
बाळ गमावलेल्या आई-बाबांसाठी

आमच्या ऑनलाइन समुपदेशनाची लिंक कशी उघडायची, हे आम्हाला फारसं कुणी विचारत नाही. अडतं ते जागेपाशी. पन्नास मिनिटांच्या सेशनमधली पहिली पंधरा-वीस मिनिटं कितीतरी वेळा कोपरा शोधण्यात जातात. हॉलमध्ये सासरे टीव्ही बघत असतात, बेडरूमची कडी लावली की "काय गं, बरं वाटत नाहीये का?" म्हणून हाक येते. मग ताई हळू आवाजात "हो, ठीक आहे" एवढंच म्हणत राहतात आणि वेळ संपते.

म्हणून नाव नोंदवतानाच जागा ठरवून ठेवा. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी चालेल (काचा थोड्या खाली ठेवा), गच्ची चालेल, मैत्रिणीचं घर चालेल. घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर तसं सांगा, आम्ही घरी फोन करत नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून, दुचाकीवर हेडफोन लावून मात्र जोडले जाऊ नका. पुण्यात गुरुवारी बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्या दिवशी वायफायवर विसंबू नका.

आमचा पहिला प्रश्न असतो, "आत्ता शेजारी कोण आहे?" काहींना तो खटकतो. पण कुणी ऐकत असेल, तर आम्ही सेशन पुढे ढकलतो. पहिल्या वेळी त्याचे पैसे घेत नाही. अर्धवट बोलून उठलेलं माणूस जास्त जड होऊन उठतं, हे आम्ही रोज पाहतो.

"प्रत्यक्ष भेटत का नाही?" असंही विचारतात. बाळ गेल्यावर पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची, बाकावर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांशेजारी थांबायचं, हे अनेकींना सोसत नाही. माहेरी साताऱ्याला गेलेली ताई आणि हिंजवडीत कामावर असलेले दादा एकाच लिंकवर येऊ शकतात, हाही फायदा आहे.

दादांनी जरूर यावं. सगळे त्यांना "तिला सांभाळ" सांगतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

एक गोष्ट बहुतेक जणी पहिल्याच सेशनला काढतात. डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅबॉर्शन' लिहिलेलं असतं. "मी तर पाडलं नव्हतं हो," म्हणून ताई तो कागद कॅमेऱ्यासमोर धरतात. वैद्यकीय भाषेत आपोआप झालेल्या गर्भपातालाही तोच शब्द वापरतात. त्यात दोष तुमचा नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या बऱ्याच गर्भपातांमागे गुणसूत्रांतला बिघाड असतो; जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने तो होत नाही. तो कागद जपून ठेवा. मातृत्व लाभाचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि पुरावा म्हणून तो कामी येतो.

ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आमच्या वेळेची वाट न पाहता १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर लगेच बोला. तो चोवीस तास सुरू असतो.

नाव नोंदवण्याआधी पंधरा मिनिटं फोनवर बोलून घ्या, त्याची फी नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी रात्री साडेआठची वेळ ठेवली आहे. आणि सेशन संपलं की लगेच कुकर लावायला उठू नका. दहा मिनिटं तिथेच बसा, पाणी प्या.