छाती उघडून की दुर्बिणीनं? मायस्थेनियातलं थायमसचं ऑपरेशन

सकाळी उघडी असलेली पापणी संध्याकाळी मिटायला लागते, समोरचा एक माणूस दोन दिसतो, भाकरी चावता चावता जबडा दमतो. मायस्थेनिया ग्रेव्हिसचं निदान झालं आणि डॉक्टरांनी थायमस काढायला सांगितलं, की खानापूर असो वा निपाणी, घरात पहिला प्रश्न हाच येतो: दुर्बिणीनं होईल का?

थायमस म्हणजे गळ्यातली थायरॉईड नव्हे. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात असते. मायस्थेनियात शरीर स्वतःच्याच स्नायूंविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या कामाला थायमसमधून खतपाणी मिळतं. साधारण दहातल्या एका रुग्णात तिथे थायमोमा नावाची गाठही सापडते.

ओपन ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, ग्रंथी काढतात आणि हाड तारेनं बांधतात. सर्जनला सगळं डोळ्यांसमोर दिसतं. हाड जुळायला मात्र दोन-तीन महिने लागतात. तोवर घागर उचलणं, दुचाकी चालवणं बंद. शहापूर-वडगावात मागावर काम करणाऱ्याच्या घरी हा काळ जड जातो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बरगड्यांमधून सहसा तीन-चार छोटी छिद्रं पाडून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात. रोबोटिक हा त्याचाच पुढचा प्रकार. हाड शाबूत राहतं, दुखणं आणि रक्तस्राव कमी, घरीही लवकर सोडतात. पण भूल पूर्णच द्यावी लागते, बऱ्याचदा एका फुप्फुसाची हवा थोडा वेळ थांबवतात, आणि श्वासाच्या पडद्याकडे जाणारी नस दोन्ही पद्धतींत सांभाळावी लागते. म्हणून छिद्र लहान म्हणजे ऑपरेशनही लहान, हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

खरा प्रश्न बाहेरच्या कापाचा नाही, आतून काय निघालं याचा आहे. थायमसचे कण आसपासच्या चरबीतही विखुरलेले असतात, म्हणून ग्रंथीसोबत ती चरबीही साफ करावी लागते. थायमस काढल्यानं फायदा होतो याचा भक्कम पुरावा 2016 साली रुग्णांवरच्या एका वैद्यकीय चाचणीतून आला. त्या चाचणीत 126 रुग्ण होते. ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांची ताकद तीन वर्षांत जास्त सुधारली आणि त्यांना स्टिरॉइड कमी लागलं. पण ती सगळी ऑपरेशनं हाड कापूनच केलेली होती. दुर्बिणीच्या बाजूनं आज जे बोललं जातं ते रुग्णांच्या नोंदींवरून. पूर्ण सफाई झाली तर निकाल जवळपास सारखेच दिसतात, आणि गाठ नसेल तर दुर्बिणीकडे कल असणं मला योग्यच वाटतं. गाठ मोठी असेल किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल, तर ओपनचा आग्रह धरणाऱ्या सर्जनवर रागावू नका.

मस्क हा अँटीबॉडीचा वेगळा प्रकार रक्तात असलेल्यांना थायमस काढून फारसा फायदा होत नाही, तेव्हा रक्ताचा तो रिपोर्ट आधी पाहा.

तारखेची घाईही करू नका. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असताना टेबलावर गेलेला रुग्ण नंतर व्हेंटिलेटरवर अडकू शकतो. गोळ्यांनी, गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात ते तयार अँटीबॉडीचं औषध) देऊन किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलून ताकद आधी सावरून घेतात. बेळगावात करा, मिरज-कोल्हापूरला जा की हुबळीला, सर्जनना थेट विचारा: मायस्थेनियाचे किती रुग्ण केलेत, भूलतज्ज्ञांना हा आजार सवयीचा आहे का, रात्री आयसीयूत कोण असतं? संमतीपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. तो तुमचा हक्क आहे.

ऑपरेशननंतर गोळ्या लगेच सुटत नाहीत. फरक दिसायला कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात गावच्या डॉक्टरांकडे साध्या तापासाठी गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा, कारण जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी नेहमीची अँटिबायोटिक्सही या आजारात स्नायू अचानक ढिले करू शकतात.